दारावरच्या बेलीचा मला हेवा वाटतो

मी पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा बोलतोय. म्हणजे, तुम्ही विचारलंत तर बोलेन. एकदाचा अपवाद सोडला, तर आजवर मला कुणी विचारलेलं नाही.

खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी अमेरिकेत, डॅलसजवळच्या एका लहान गावात होतो. डोनली नावाच्या पोलिसाने मला शर्टावर अडकवलं. माणूस वाईट नव्हता. रोज बाहीने माझी काच पुसायचा. पण मला पाहिलं की लोक बोलता बोलता थांबत आणि खिशातले हात बाहेर काढत. माझ्याकडे पाहून कुणी हसलेलं मला आठवत नाही.

आणि ती! त्याच गावात राहणाऱ्या वीणाच्या दारावरची कॅमेऱ्याची बेल. जात माझीच, पण थाट बघा. दिवाळीत तिच्यासमोर रांगोळी निघते. मुलं तिला जीभ काढून दाखवतात. पाहुणे तिच्या काचेत बघून केस सारखे करतात. गस्तीवर त्या गल्लीत उतरलो की हे सगळं मी बघायचो आणि आतल्या आत जळायचो.

वीणाच्या अंगणात जास्वंद आहे. शेजारचे सुमंतकाका, निवृत्त इंजिनिअर, रोज सकाळी आंघोळ करून तिथे देवासाठी फुलं तोडत. "काका, विचारता काय? हवी तेवढी न्या," असं वीणानेच सांगून ठेवलं होतं. समोर नवीन राहायला आलेल्यांना ते कुठून कळणार? कुणीतरी पिशवी घेऊन झुडपात शिरलंय, असा त्यांनी पोलिसांना फोन केला.

डोनली गाडीतून उतरला तो ओरडतच. "ड्रॉप द बॅग!"

काका दचकले, पण पिशवी सोडेनात. देवाची फुलं जमिनीला लागलेली त्यांना चालत नाहीत. ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "ऑफिसर, ही पूजेची फुलं आहेत. खाली नाही ठेवता येत. या फांदीला अडकवतो, चालेल?"

"ओके," डोनली म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं.

काकांनी फांदीकडे हात नेला आणि डोनली एकदम घाबरला. पुढच्या क्षणी त्याने काकांना खाली पाडलेलं, मनगट मोडलेलं. फुलं शेवटी जमिनीवरच सांडली.

गाव आणि पोलिसांची युनियन यांच्यात एक करार असतो. पगार, सुट्ट्या आणि मधेच मी. तक्रार आली तर माझं चित्रण आधी त्या पोलिसाने पाहायचं, मग जबाब द्यायचा. त्याला शिक्षा झाली नाही, तर चित्रण बाहेर कुणालाही दाखवायचं नाही. डोनलीने मला पुन्हा पुन्हा पाहिलं. मग लिहिलं, 'इसमाने हुकूम मोडून झुडपात हात घातला.' स्वतःचं 'ओके' तेवढं लिहायचं राहिलं. चौकशी मिटली. माझं चित्रण कुलपात गेलं.

बेलीचं चित्रण मात्र गावभर फिरलं. लांबून, पाठमोरं, आवाजाशिवाय. तरी सगळ्यांनी तिच्यावरच विश्वास ठेवला. मला संताप येतो तो याचा. तिने अर्धं पाहिलं आणि ती साक्षीदार झाली. मी सगळं पाहिलं आणि माझी अडगळ झाली.

करार पुन्हा मंजुरीला आला, त्या संध्याकाळी नगर परिषदेच्या सभागृहाच्या दारावर डोनलीची ड्यूटी होती. गर्दीमुळे त्याने मला चालू ठेवलं होतं. आत मोठ्या पडद्यावर बेलीचं चित्रण लागलं. तिथेही तीच! मागच्या रांगेत कुणीतरी मराठीत कुजबुजलं, "काकांनी पिशवी टाकायला हवी होती, यार. कॉमन सेन्स आहे."

काकांच्या पत्नी, सुचित्राकाकू, गर्रकन वळल्या. "त्यांनी विचारलं होतं रे! तो हो म्हणाला होता."

"काकू, पण व्हिडिओत तसं दिसत नाही ना."

युनियनचा माणूस म्हणाला, "आमची माणसं रोज जीव धोक्यात घालतात." ते खोटं नव्हतं. काकू माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मग दुसरा कॅमेरा दाखवा. त्याला आवाज आहे." अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले की करारात तसं बसत नाही. हात वर झाले. करार होता तसाच मंजूर झाला.

लोक बाहेर पडू लागले. सुमंतकाका दारात थांबले. डोनली बाजूला सरकला, पण काकांची नजर त्याच्या चेहऱ्याकडे गेलीच नाही. वाकडं जुळलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून ते खाली वाकले आणि थेट माझ्या काचेत बघून मराठीत म्हणाले, "मी विचारलं होतं. तुला माहीत आहे ना रे?"

काकूंनी त्यांचा दंड धरला. "चला आता." डोनलीचा श्वास अडकला होता. मी त्याच्या छातीवरच असतो, मला कळतं.

त्या घटकेला मला बेलीचा हेवा वाटला नाही. तिच्याशी लोक गंमत करतात. साक्ष माझी मागितली होती.

हो काका, मला माहीत आहे. तुमचा प्रश्नसुद्धा मी नीट टिपून ठेवला आहे. तोही आता त्याच कुलपात आहे. बाहेरच्यांनो, किल्ली तुम्हीच मागा. मला हात नाहीत.