तिसऱ्या कार्डाचा लाल दिवा

तिसरीच्या वर्गात बाईंनी विचारलं होतं, घरी कोण काय काम करतं. भूमिका उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पापा रेल मिल में हैं, मम्मी ब्लाउज सिलती है, और आजी फोन उठाती है." सगळा वर्ग हसला. भूमिकाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, म्हणून तिने घरी येऊन आजीलाच विचारलं.

"आजी, फोन तो मोनू भी उठाता है. मंग तुलेच पगार कावून देतात?"

मोनू म्हणजे भूमिकाचा धाकटा भाऊ. त्याला अजून नीट बोलता येत नव्हतं, पण फोन वाजला की सगळ्यांच्या आधी तोच धावायचा. अन्नपूर्णाबाई लांजेवार तव्यावरची पोळी उलटायची विसरल्या. अहिवारा रोडवरच्या चुन्याच्या कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि त्या खुर्चीत बसूनच त्यांचे केस पांढरे झाले होते. साहेब आले, गेले, कारखान्याचा रंग बदलला, पण कोणीही फोन उचलला तर पलीकडून आवाज यायचा तो अन्नपूर्णाबाईंचाच. आणि आता ही एवढीशी पोर त्यांना मोनूच्या रांगेत बसवत होती.

"विश्वकर्मा पूजेले येजो माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "मंग पाहू, मोनूले जमते का ते."

विश्वकर्मा पूजेला भिलाईतल्या लहानमोठ्या कारखान्यांत यंत्रं थांबतात आणि घरची माणसं आत येतात. वर्षभर ज्या फाटकापाशी डबा देऊन परत फिरायचं, त्याच फाटकातून त्या दिवशी नव्या कपड्यांत आत जायचं. चुन्याच्या कारखान्याची बस सकाळी त्यांच्या वस्तीतून, चरोद्याहून, निघाली तेव्हा भूमिका खिडकीशी बसली होती आणि अन्नपूर्णाबाई मनातल्या मनात धडा घोकत होत्या. नातीपुढे परीक्षा होती, आणि नात ही फार कडक परीक्षक असते.

रिसेप्शनच्या मागे एक छोटी खोली होती. तिथे भिंतीवर काचेच्या दाराचं एक लोखंडी कपाट होतं. अन्नपूर्णाबाईंनी दार उघडलं. आत दप्तरात वह्या उभ्या ठेवाव्यात तशी पाच कार्डं उभी होती. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर एक हिरवा दिवा लागलेला होता आणि त्याच्याखाली बारक्या दिव्यांची एक रांग होती.

"हे आपल्या कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज. हे पहिलं कार्ड म्हणजे डोकं," अन्नपूर्णाबाईंनी सुरुवात केली. "कोन्ता फोन कुठं जोडाचा ते हे ठरवते. दुसऱ्यात बाहेरच्या लाइनी येतात. तिसऱ्यावर क्रशर, भट्टी आन् वजनकाट्याचे फोन. चौथ्यावर ऑफिस आन् कँटीन. पाचवं सगळ्याइले करंट देते."

"और ये खाली वाले?" कार्डांच्या शेजारी दोन रिकामे खण होते.

"ते रिकामे क्वार्टर. फोन वाढले की नवीन कार्ड राहाले येते. कपाट बदलाचं काम नाही."

भूमिकाने मान डोलावली. रेल्वे कॉलनीच्या शेजारी राहणाऱ्या पोरीला रिकामे क्वार्टर समजावून सांगावे लागत नाहीत.

"आता दिवे पाय. वरचा हिरवा म्हणजे कार्डाची तब्येत बरी. लाल म्हणजे कार्ड बिमार. खालचे बारके दिवे एकेका फोनचे. कोनी फोन उचलला की त्याचा दिवा लागते. जाय, बाजूच्या खोलीतला फोन उचल."

भूमिका धावत गेली, धावत आली, परत गेली. चौथ्या कार्डावरचा बारका दिवा लागला, विझला, परत लागला. हा खेळ इतका वेळ चालला की कँटीनवाल्या शीलाबाईंनी येऊन विचारलं, ऑफिसात कोणी भूत बसलं आहे का.

"लाल दिवा कब लगता है, आजी?" भूमिकाने धापा टाकत विचारलं.

"माझ्या हाताखाली?" अन्नपूर्णाबाईंनी पदर सावरला. "माझ्या हाताखाली लाल दिवा लागत नाही."

असं बोलू नये. निदान पूजेच्या दिवशी तरी बोलू नये, कारण त्या दिवशी देव जवळच उभा असतो.

मग पूजा झाली. कारखान्यात त्या दिवशी ज्याला म्हणून स्विच आहे त्याला टिळा लागतो. क्रशरला लागतो, ट्रकच्या कपाळाला लागतो, कँटीनमधल्या मिक्सरला लागतो. एका वर्षी खुर्चीत डुलकी घेणाऱ्या चौकीदार सुखरामलाही लागला होता. एक्स्चेंजची पूजा मात्र अन्नपूर्णाबाईंची स्वतःची. तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी घेऊन त्यांनी पहिल्या कार्डाच्या माथ्यावर टिळा लावला, दुसऱ्याच्या लावला, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. डाव्या हाताने त्यांनी रिसीव्हर उचलला, उजव्या हाताचं काम चालूच होतं. मॅनेजर साहेबांना नारळ किती ते विचारायचं होतं. अन्नपूर्णाबाईंनी नारळांचं सांगितलं, उरलेल्या कार्डांना टिळे लावले, काचेचं दार लोटलं आणि हात धुवायला गेल्या.

परत आल्या तेव्हा भूमिका कपाटासमोर उभी होती. हातात प्रसादाचा द्रोण होता, पण ती खात नव्हती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तीसरा वाला बीमार हो गया."

अन्नपूर्णाबाईंनी पाहिलं. चार दिवे हिरवे होते. तिसऱ्या कार्डाच्या माथ्यावर लाल.

काचेआडून त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. लाल तो लालच. भूमिका त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि अन्नपूर्णाबाईंना कपाटापेक्षा त्या नजरेचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी ताबडतोब परागला फोन लावला. पराग दुर्गला पद्मनाभपुरात राहायचा आणि या कपाटाची देखभाल करायचा. त्याच्या दुकानातही पूजाच चालू होती.

"काकू, हात लावू नका बरं कार्डाले," तो घाईघाईने म्हणाला. "मागच्या साली कोनीतरी वढून काढलं होतं, पिना वाकल्या होत्या. लाल लुकलुक करते का?"

"नाही रे. ठाम लाल. गुंजेसारखा."

"ठाम लाल?" परागने विचारलं. "असा तर मी कधी पायला नाही. आरती झाली की निघतो."

मॅनेजर सुजय साहेब आले. वयाने तरुण, स्वभावाने नम्र. त्या दिवशी पांढरा शुभ्र कुर्ता घातलेला. त्यांनी काचेतून बघितलं आणि हळहळून म्हणाले, "आता वयच झालं हो. किती दिवस ताण सहन करणार?" ते कपाटाबद्दल बोलत होते, पण अन्नपूर्णाबाईंनी ते स्वतःवर घेतलं.

आता प्रश्न होता जेवणाचा. क्रशरवर फोरमन तेजराम आणि त्यांची माणसं घरच्यांना यंत्रं दाखवत होती. त्यांना सांगायला हवं होतं की पंगत लवकर बसणार आहे. क्रशर खदानीच्या खोलगटात, तिथे मोबाइल चालत नाही. म्हणून तर हे कपाट अजून टिकून होतं.

"मी जाऊन सांगतो," सुजय साहेब म्हणाले आणि निघाले. तिथून ते परतले तेव्हा त्यांच्या चपला, पायजमा, भुवया सगळं कुर्त्याच्या रंगाचं झालं होतं. चुन्याची वाट कोणाचीही गय करत नाही. ते परततात तोवर शीलाबाईंना आठवलं की क्रशरवरच्या लोकांनी येताना पाण्याचे कॅनही आणायला हवेत. मग सुखराम गेला. तो वाटेतच असताना आठवलं की कॅन रिकामे नकोत, भरलेले हवेत. मग कँटीनचा आचारी गेला. सणाच्या दिवशी अर्धा कारखाना क्रशरच्या वाटेवर चालत होता. अन्नपूर्णाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. भूमिका काचेला नाक लावून तिसऱ्या कार्डाकडे बघत होती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"अन्नपूर्णाबाई," तेजरामांचा आवाज होता, "आज काय पैदल यात्रा काढली काय तुमी? पयले साहेब आले, मंग सुखराम आला, आता आचारी येऊन राहिला. फोन कराचा ना!"

"कसा करू तेजरामभाऊ? तुमचा फोन बंद हाये."

"असं का? मले तर पत्ताच नाही."

"तुमाले कसा राहीन? तिसरं कार्ड लाल झालं. पराग येऊन राहिला दुर्गवरून."

"मंग ठीक हाये. सुरू झाला की कळवजा."

"हाव, लगेच फोन करीन."

"हाव हाव." तेजरामांनी फोन ठेवला. अन्नपूर्णाबाईंनीही ठेवला. निदान एका माणसाला तरी नीट समजावून सांगितलं, म्हणून त्यांना जरा बरं वाटलं.

भूमिका कपाटासमोरून हलली नव्हती. तिने बोट काचेला टेकवलं होतं.

"आजी, तेजराम आजोबा किधर से बोल रहे थे?"

"क्रशरवरून."

"क्रशर कोन्त्या कार्डावर है?"

"तिसऱ्या."

"वो बोल रहे थे तब तीसरे का छोटा वाला दिवा लगा था. अभी बुझा."

अन्नपूर्णाबाईंनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग परत फोनकडे. मग त्या उठल्या, काचेचं दार उघडलं आणि पदराच्या टोकाने तिसऱ्या कार्डाचा माथा हलकेच पुसला, न्हाऊ घातलेल्या पोराचं कपाळ पुसावं तसा. पदराला कुंकू लागलं. त्याच्याखालून दिवा हिरवागार, जणू काही झालंच नाही.

पहिल्या दोन कार्डांचे टिळे दिव्याच्या वर, पत्र्यावर, अगदी जागच्या जागी होते. तिसरा नेमका दिव्यावर. डाव्या कानात नारळ आणि उजव्या हातात कुंकू असलं की असंच व्हायचं.

भूमिका आधी तोंड दाबून हसली, मग पोट धरून हसली, मग खाली बसून हसली. अन्नपूर्णाबाईंना तिसरीचा सगळा वर्ग डोळ्यांपुढे दिसला. उद्या ही पोर शाळेत जाऊन काय सांगेल, ते आत्ताच ऐकू यायला लागलं.

नेमका तेव्हाच पराग आला. घामाघूम, खांद्यावर बॅग आणि बॅगेत नवं कार्ड. मागोमाग सुजय साहेब. दोघेही काचेपुढे उभे राहिले आणि पाच हिरव्या दिव्यांकडे बघत बसले.

"लाल कुठं हाये, काकू?"

अन्नपूर्णाबाई तोंड उघडणार, तोच भूमिका मध्ये उभी राहिली. हसणं केव्हाच थांबलं होतं. "ठीक हो गया," ती म्हणाली. "आजी ने ठीक कर दिया."

"तुम्ही दुरुस्त केलंत?" पांढऱ्या भुवयांखालचे सुजय साहेबांचे डोळे मोठे झाले. "कसं काय?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी नातीकडे पाहिलं. पोर त्यांच्या बाजूने उभी होती, हनुवटी वर करून. आणि सकाळपासून ज्या पोरीला सगळं खरं खरं शिकवलं, तिला शेवटचा धडा खोटा कसा द्यायचा?

"मी काय दुरुस्त करीन," त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक पुढे केलं. "मीच त्याच्या डोयात कुंकू घातलं होतं साहेब. कार्ड चांगलं होतं. बंद मी होती."

सुजय साहेबांनी पदराकडे पाहिलं, मग आपल्या पायजम्याकडे पाहिलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की अंगावरचा चुना खाली सांडला. पराग मात्र गंभीर चेहऱ्याने बॅग उघडून पुढे आला. "काकू, आता टिळा याले लावा. मी पेट्रोल जाळून आलो, मले काहीतरी भेटलं पायजे." त्याच्या बॅगेतल्या कार्डाला टिळा लागला आणि त्याच्या हातात प्रसादाचे दोन द्रोण आले.

"आता तेजरामभाऊले कळवा लागते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बस इथं. तूच लाव."

भूमिका खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने आजीने सांगितलेले आकडे दाबले, आणि तिसऱ्या कार्डाचा बारका दिवा लागताच तिने ऑपरेटरच्या आवाजात सांगितलं, "तेजराम आजोबा, आपका फोन चालू हो गया है."

"बरं झालं बाई," पलीकडून तेजराम म्हणाले. "बंद होता तोवर मोठा हाल झाला."

संध्याकाळी बस चरोद्याकडे निघाली. पुढच्या बाकावरच्या एका बाईने भूमिकाचा गाल ओढून विचारलं, "तू कोणाकडची गं?"

"मेरी आजी फोन उठाती है," भूमिका म्हणाली. अन्नपूर्णाबाईंनी मान खिडकीकडे वळवली. पण भूमिका थांबली नाही. "आपको पता है उसमें कितने कार्ड होते हैं?"

आणि मग सगळ्या बसला पाचही कार्डांची ओळख झाली. डोकं, बाहेरच्या लाइनी, रिकामे क्वार्टर, हिरवा, लाल, बारके दिवे, काहीही सुटलं नाही. कुंकवाची गोष्ट तर तिने दोनदा सांगितली, कारण पहिल्या वेळी मागच्या बाकांवर नीट ऐकू आली नव्हती. अन्नपूर्णाबाईंनी खिडकीबाहेरची भाताची शेतं इतकी मन लावून बघितली, जशी काही ती आजच उगवली होती.

"अब बताओ," भूमिकाने बाईंसारखं बोट उंचावलं, "लाल दिवा दिखा, तो सबसे पहले क्या करना?"

"साहेबाले पैदल पाठवाचं," मागून तेजराम म्हणाले.

बस हसली. त्या हसण्यात अन्नपूर्णाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"नहीं!" भूमिका ओरडली. "पहले फोन लगाके देखना!"