पाठमोरी खुर्ची

"चार हाका मारल्या, कानात बोळे घातलेत का?" कानवाल्या बाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. उजवा गाल उशीत रुतवून पुस्तक वाचणारी त्यांची आठ वर्षांची लेक दचकून उठली.

रुग्णालयात सगळे त्यांना कानवाल्या बाईच म्हणत. अठरा वर्षं त्या मुलांचे कान तपासत होत्या. मूल काचेपलीकडे, कानांवर हेडफोन, हातात बटण. अलीकडून बाई यंत्राची कळ दाबून एकेका कानात आवाज सोडायच्या; तो आला की मुलानं बटण दाबायचं. लेक त्याच खोलीत खेळून मोठी झाली होती. पंधरवड्यापूर्वी तिला गालगुंड झालं, सूज उतरली आणि बाई ते विसरूनही गेल्या.

ओ न देणं त्यांनी हट्टात जमा केलं. तरी मन खात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी लेकीला तपासायला बसवलं. नियम असा, की मुलाची पाठ काचेकडे हवी. पण घरचंच पोर, त्यात घाबरलेलं. बाईंनी तिला आपल्याकडे तोंड करून बसू दिलं. एकही आवाज चुकला नाही. कान चांगले तिखट आहेत, कार्टीला ऐकायचंच नसतं, असं त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पाच दिवसांनी मुलीनं फोन डाव्या कानाला लावला आणि आजी बोलतच नाही म्हणून कुरकुरली. बाईंना गालगुंड आठवलं. त्यांनी तिला तशीच रुग्णालयात नेली आणि या वेळी खुर्ची फिरवली. उजवा कान ठीक होता. डाव्यात त्या आवाज वाढवत गेल्या, पण मुलीचा अंगठा हलला नाही.

"मग त्या दिवशी कशी दाबत होतीस?"

"तुझं बोट खाली गेलं की दाबायचं. तसंच असतं ना?"

डॉक्टर म्हणाले, बहुधा गालगुंडामुळेच. कधी दुसरा एखादा ताप असतो, कधी डोक्याला मार, कधी कारण सापडतच नाही. औषध आजच सुरू करू, पण आशा बेताची धरा. लवकर आला असतात तरी खात्री नव्हती, असंही ते म्हणाले. हेच वाक्य बाईंनी कितीतरी आयांना ऐकवलं होतं. आज त्यांना ते पुरलं नाही.

औषधं संपली. शेवटची तपासणी सहकाऱ्यानं केली; डावा कान परत आला नव्हता. त्याच दुपारी बाईंनी सुताराला बोलावून खुर्ची पाठमोरी करून जमिनीत पक्की ठोकून घेतली.

मग दोघी चालत घरी निघाल्या. बाई सवयीनं लेकीच्या डावीकडून चालत काहीबाही सांगत होत्या. दोन दुकानं मागे पडल्यावर मुलगी थांबली, आईच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि तिनं आईचा हात धरला.

"हं, आता बोल," ती म्हणाली.