भातापाशी बसलेली बाई

माझ्या नावावर इंग्रजीत पाच शब्द आलेत आणि पाचही बसण्याचे. ऐकलं तेव्हा डोकंच फिरलं माझं.

शेंद्र्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी अकरा वर्षं भात करते. साडेतीनशे माणसांचा. करमाडहून सकाळच्या बसनं येते. दिवाळीनंतर ठेकेदार बदलला. नव्यानं आल्या आल्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला आणि ऋतुराज नावाचा सुपरवायझर आणून बसवला. सव्वीस वर्षांचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट. स्वयंपाकघरात पांढरे बूट! पण मावशी म्हणतो, म्हणून मी गप्प होते.

कॅमेऱ्यातलं सगळं पुण्याच्या ऑफिसात दिसतं. तिथून दर शनिवारी ज्याचा त्याला कागद येतो. मला दोन आले. ऋतुराज सर म्हणले, "मावशी, इथं सही." केली. ड्रेस दिला तेव्हा सही घेतली होती, टोपी दिली तेव्हाही घेतली होती. मला वाटलं, आता हातमोजे देतील.

तिसरा कागद आला तेव्हा आधण उकळत होतं. सही राहिली अन् कागद पिशवीतून घरी आला. माझी पोरगी तनुजा बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते. तिनं वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, हे काय आहे माहितीय का तुला? तीन कागदांवर सही झाली की तू कामचुकार आहेस हे तू कबूल केलं. मग कामावरून काढतात. खाली लिहिलंय."

"कामचुकार? मी?"

मग तिनं एकेक शब्द वाचला. सोमवारी आयडलिंग, म्हणजे रिकामं बसणं. मंगळवारी लाउंजिंग, म्हणजे ऐसपैस रेलून बसणं. अगं, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसते मी, रेलायला आहे काय तिथं? बुधवारी डोझिंग, म्हणजे डुलक्या. गुरुवारी स्लॅकिंग, म्हणजे अंग चोरणं. शुक्रवारी लोफिंग.

"लोफर म्हणतेत का मला?"

लोफर कोण असतो ते मला कुणी शिकवायला नको. कॉलेजपुढं मोटारसायकलवर बसून शिट्ट्या मारणारे लोफर. बावन्न वर्षांची बाई मी, नवऱ्यामागं हिला एकटीनं शिकवलं, आणि मी लोफर!

"का गं, बसायला इतके शब्द लागतात त्यांना? माझ्या स्वयंपाकघरात तेवढे झारे नाहीत."

"अजून लई आहेत, आई."

"राहू दे. तुझ्या पोरांना शिकव."

आता, मी भातापाशी बसते हे खरंय. रोज पंचवीस मिनिटं. पाणी आटत आलं की आच बारीक करायची, झाकणावर ओलं फडकं आणि वजन ठेवायचं, अन् मग ऐकायचं. आधी खदखद येते. मग बारीक टपटप. मग थोडा वेळ काहीच नाही. त्यानंतर तळाशी चर्र व्हायच्या आत गॅस बंद. झाकण उघडलं तर वाफ गेली, वरचा भात कच्चा. घड्याळ लावून जमत नाही, कारण पोतं बदललं की तांदूळ बदलतो. मागं मिक्सर चालू असतो, भांडी आदळत असतात, त्यातून तो एक आवाज धरायचा असतो. डोळे मिटावेच लागतात. यालाच ते डुलकी म्हणले.

सोमवारी सरांपुढं कागद ठेवला. "सही करणार नाय."

"मावशी, फॉर्म्यालिटी आहे नुसती."

"माझी रोजीरोटी आहे ती. सांगा, मी तिथं बसून काय करते?"

"बसता."

"चला मग. आज तुम्ही बसा."

डब्यावर बसवलं त्यांना. मोबाईल माझ्याकडं घेतला. "झाकण उघडायचं नाय. भात झाला की हाक मारा." आणि मी आमच्या दुसऱ्या आचाऱ्याच्या, इलियासभाईंच्या मदतीला वरणाकडं गेले. दहा मिनिटांत पोरानं तीनदा हाक मारली. तिन्हीदा नाय म्हणलं. मग त्यानं डोळे मिटले. शर्ट घामानं चिकटला. आणि मग एकदम ओरडला, "मावशी, आवाज थांबला!"

झाकण काढलं. शीत न् शीत मोकळं. पोराला इतका आनंद झाला की माझा राग निम्मा गेला. म्हणला, "मी बोलतो पुण्याला."

शनिवारी पुन्हा माझा कागद आला, मंगळवारपासून तेच शब्द. पण या वेळी सरांनाही एक आला होता. सोमवार, डोझिंग, पंचवीस मिनिटं.

"मी झोपलो नव्हतो!" सर लाल झाले. "ऐकत होतो मी!"

इलियासभाई पोळ्या भाजता भाजता हसायला लागले. सर तरातरा ऑफिसात गेले, फोन केला आणि दहा मिनिटांत खुशीत परत आले. "झालं. काढला त्यांनी तो शब्द. ऑब्झर्वेशन लिहिलं. म्हणजे निरीक्षण."

"बरं झालं. आणि माझ्या कागदावर?"

पोरगा बुटांकडं बघायला लागला. "मावशी, तुमची पोस्ट कुकची आहे. त्या पोस्टला तो पर्याय येत नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "तोच डबा, तोच भात, तोच कॅमेरा! तू बसला तर निरीक्षण आणि मी बसले तर लोफर? लाज नाय वाटत? माझ्या पोस्टला पर्याय येत नाय, पण तुला पेन तर धरता येतो ना?"

भात गॅसवरच होता. मी डब्यावर बसले, हात मांडीवर ठेवले. टपटप थांबली. शांत झालं.

"आपा, चावल," इलियासभाई म्हणले.

"ऐकू येतंय मला. पण आज मी उठणार नाय." सरांकडं बघितलं. "आता मी खरी रिकामी बसलेय. याला काय म्हणतात ते लिही."

चर्र झालं. सरांनाही ऐकू आलं, आता येतं ना त्यांना. धावले, गॅस बंद केला, वजन उचलताना बोटं भाजून घेतली. मी जागची हलले नाय.

त्याच भाजलेल्या बोटांनी त्यांनी पेन घेतला. माझ्या दोन्ही कागदांवरच्या शब्दांवर रेघा मारल्या आणि मराठीत लिहिलं, "मुक्ताबाई भाताचा अंदाज घेत होत्या. मी स्वतः घेऊन पाहिला आहे." खाली त्यांची सही. मग मी केली.

भात तळाला बोटभर लागलाच. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती काळी खरवड मी एका डब्यात भरली आणि कागदांसोबत सरांच्या हातात दिली.

"हे पण पाठवा पुण्याला," मी म्हणलं. "मुक्ताबाई रिकामी बसली की काय होतं, ते बघू द्या त्यांना."