कुंकू लागलेला कोरा रोल

खरं सांगतो, ओरडून सांगतो, यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माझ्या अंगातली सगळी चांदी झडून जाईल! हो, चांदी. हसू नका मित्रांनो, फिल्मच्या अंगात खरोखरीची चांदी असते.

मी एक जुना सिनेमाचा रोल आहे. जुना, आणि तरी कोरा. ठेवणीतली साडी घडी न मोडता जुनी होते ना, तसं झालं माझं. परदेशातल्या एका कारखान्यात मी मिट्ट काळोखात जन्मलो. चांदी अंगाला चिकटून राहावी म्हणून मला जिलेटिन फासलं. मग काळी पिशवी, चपटा गोल डबा, वर चिकटपट्टी. उजेडाशी माझी गाठ एकदाच पडायची, कॅमेऱ्याच्या आत, तीही डोळ्याची पापणी लवेपर्यंत. त्या एका लवण्यासाठी आमचा सगळा जन्म.

मी चेन्नईला आलो तो नारायणस्वामींच्या हाती. ते मोठे कॅमेरामन. तंजावरकडचं मराठी घर, राहायला इथल्याच तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत. एका सिनेमाचं शूटिंग चालू होतं, मी उद्या कॅमेऱ्यात लागणार होतो, आणि त्याच संध्याकाळी निर्माता म्हणाला, उद्यापासून डिजिटल. झालं. वरात दारात येऊन परत गेली. नारायणस्वामींनी मला घरी आणलं आणि थंडीत टिकतो म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. एका बाजूला इडलीचं पीठ, दुसऱ्या बाजूला जाईचा गजरा. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात, हे त्यांच्या बायकोला, कनकाबाईंना, कुणी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. नाहीतर त्या पीठ टाकून देतील, आणि मलाही.

फ्रिजचं दार उघडलं की बाहेरचं बोलणं कानावर यायचं. एकदा कुणी म्हणालं, फिल्म मेली. मला वाईट वाटलं. पुढच्या खेपेला कुणी म्हणालं, परदेशातले बडे लोक पुन्हा फिल्मवरच सिनेमे काढतात. मला मूठभर मांस चढलं. नारायणस्वामींची नात रंजनी चेन्नईतल्याच पेरुंगुडीला एका ऑफिसात संगणकावर सिनेमाचे रंग ठीक करते. ती म्हणाली, काही जण डिजिटल सिनेमासुद्धा जपून ठेवायला फिल्मवर उतरवतात, कारण हार्डडिस्कचा भरवसा नाही. म्हणजे ज्यानं मला घराबाहेर काढलं, तोच म्हातारपणी माझ्याकडे राहायला येणार? माझं डोकं गरगरायला लागलं. मी मेलो, जिवंत आहे, की अजून जन्मायचाय?

आता त्या घरातली एक रीत सांगतो. सरस्वतीपूजेला सगळी हत्यारं देवापुढे ठेवायची, गंध-कुंकू लावायचं आणि त्या दिवशी वापरायची नाहीत. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, प्रत्येक हत्यार थोडं तरी चालवायचंच. नारायणस्वामी दरवर्षी कॅमेरा आणि माझा डबा पूजेत मांडायचे. दुसऱ्या दिवशी कॅमेरा रिकामाच खरखरवायचे, आणि मला परत पिठाशेजारी. माझी पूजा दरवर्षी, काम एकदाही नाही.

यंदा मात्र धोका आला. पेरुंगुडीत नवं कॉफीचं दुकान काढणाऱ्या दर्शन नावाच्या माणसाला तो कॅमेरा शोभेसाठी हवा होता, सोबत मीही, काचेच्या कपाटात. नारायणस्वामी जवळजवळ हो म्हणाले. धूळ खाण्यापेक्षा लोक बघतील तरी. रंजनीनं अबोला धरला, मग रडली, मग सौदा केला: यंदा विजयादशमीला हा रोल चालवू. चित्र आलं तर कॅमेरा विकायचा नाही. नाही आलं तर रंजनी एक शब्द बोलणार नाही.

ठरलं. मी काळोखात नवरदेवासारखा नटून बसलो.

आणि पूजेच्या सकाळी कनकाबाईंनी माझी चिकटपट्टी सोडली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. इतकी वर्षं आपण डब्यालाच कुंकू लावतोय, म्हणूनच बिचाऱ्याला काम मिळत नाही. काळ्या पिशवीत हात घालून त्यांनी मला हातभर बाहेर ओढलं, कुंकवाचं बोट टेकवलं आणि साडीच्या निऱ्या खोचाव्यात तसं परत गुंडाळलं. मित्रांनो, मी पहिल्यांदा उजेड पाहिला. ट्यूबलाइट, समई, आणि कनकाबाईंच्या नाकातली चमकी. आम्हाला एवढा उजेड म्हणजे कढईत उडी.

नारायणस्वामी अंघोळ करून आले आणि दारातच थबकले.

"कनका, काय केलंस हे?"

"कुंकू लावलं. नवरीला सोडून तिच्या ट्रंकेला हळद लावतं का कुणी?"

ते मटकन झोपाळ्यावर बसले. रागावले नाहीत, तेच फार वाईट दिसत होतं. रंजनी धावत आली. तिनं विचारलं, खराब झालाय की नाही ते तपासता येत नाही का?

"तपासायचं तर उजेडात काढायला हवा," ते म्हणाले. "उजेडात काढला की उरलासुरलाही गेला. वरचे वेढे गेलेच. आतलं काय, ते देवाला ठाऊक."

"मग मला काय बोलता? देवाचंच काम केलं मी," कनकाबाई म्हणाल्या आणि नैवेद्याकडे वळल्या. पण त्या दिवशी नैवेद्य त्यांनी दोनदा दाखवला.

आता मी चांगला की वाया गेलेला? त्यांना कळेना, मला कळेना. ते कळायचा एकच मार्ग होता, मला वापरून टाकणं.

दुसऱ्या दिवशी दोन बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घालून नारायणस्वामींनी मला चाचपडत कॅमेऱ्यात भरलं. रंजनीनं काय टिपायचं ते आधीच ठरवलं होतं. नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीतली एक बाहुली विजयादशमीच्या संध्याकाळी आडवी करून निजवतात, ते. पण संध्याकाळी उजेड कुठला? म्हणून बाहुली भर दुपारी, खिडकीपाशी निजवायची ठरली. देवाला फसवायचं का, असं कनकाबाई पुटपुटल्या. सिनेमात चालतं, असं म्हणत रंजनीनं त्यांना खुर्चीत बसवलं. कॅमेरा खरखरला. मी चार मिनिटांत संपलो.

"दाखव बघू," कनकाबाई म्हणाल्या.

"लगेच दिसत नाही, पाटी," रंजनी म्हणाली; आजीला ती तमिळमध्ये पाटीच म्हणते. " मुंबईला धुवायला पाठवायचा, मग कळेल."

"म्हणजे पोरगी बघून 'कळवतो' म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखंच की हे."

मी मुंबईला गेलो, धुतला गेलो आणि परत आलो. पण माझ्याआधी मुंबईहून माझं चित्रच रंजनीच्या फोनवर येऊन बसलं होतं! डब्यातला तो मी की फोनमधला तो मी? विचारू नका.

तिघं फोनवर वाकले. आधी नुसता पांढरा झगझगाट. मग कडांनी केशरी लाटा. आणि त्या लाटांतून हळूच एक सुरकुतलेला हात, हातात बाहुली, आणि कनकाबाई.

रंजनी म्हणाली, असा रंग आणायला ऑफिसात आम्ही दिवस दिवस खपतो. नारायणस्वामी म्हणाले, ही चूक आहे, असं आणलं असतं तर मला सेटवरून हाकललं असतं. कनकाबाई म्हणाल्या, माझ्या सुरकुत्या कशा गोड दिसतात. चित्र आलं की नाही आलं? तिघांची तीन मतं. भांडण कॉफी थंड होईपर्यंत चाललं. शेवटी नारायणस्वामींनी फोन उचलला आणि दर्शनला सांगून टाकलं, कॅमेरा द्यायचा नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुठली वस्तू जपून जपून कोरी पडली असेल, तर तिला बाहेर काढा. बिघडेल म्हणून भिऊ नका. जपणं म्हणजे नुसतं डब्यात ठेवणं नव्हे. आमच्या जातीचं पुढे काय व्हायचं ते होवो, मला ते अजून कळलेलं नाही. पण एक दुपार माझ्या अंगावर उमटली आहे, ती कुणी पुसू शकत नाही.

आणि हो, चांदी झडायच्या आत कबूल करतो. तो दर्शनला केलेला फोन माझ्या मनचा. नारायणस्वामींनी तो अजून केलेला नाही. सकाळपासून मऊ फडकं घेऊन ते कॅमेरा पुसताहेत. विकायला पुसताहेत की वापरायला, विचारायची कुणाची छाती होत नाही.