टिपणिसांकडची सात मांजरं

“बिवलकर, खाली उतर. ओट्यावर चढायचं नाही, किती वेळा सांगितलं?”

मधुकाका टिपणीस स्वयंपाकघराकडे बघून बोलले, आणि माझ्या शेजारी बसलेले केदार बिवलकर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. ओट्यावरून एक जाडजूड पिवळा बोका उतरला आणि नेमका त्यांच्याच पायाशी येऊन बसला.

“हे नाव मुद्दाम ठेवलंय का?” बिवलकरांनी विचारलं.

“तुमचाच बोका. मग आडनाव कुणाचं लावू?”

खोटं नव्हतं ते. डोंबिवलीतली आमची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. लोक एकेक करून भाड्याच्या घरात गेले. जाताना कुंड्या नेल्या, पंखे नेले, एका बाईने तर संडासाच्या दाराची कडीसुद्धा उचकटून नेली. मांजरं तेवढी ठेवली. पोरांच्या हट्टापायी आणलेली, फोटो काढून झालेली. ‘नव्या मालकाला चालत नाही हो काका, दोन दिवस बघा.’ त्या दोन दिवसांचे चार महिने झाले. काकांची स्वतःची एकच, बाबी, काकू होत्या तेव्हापासूनची. बाकीची सहा अशी गळ्यात मारलेली. ती त्यांनी ज्याच्या त्याच्या आडनावाने सांभाळली.

त्यात एक सहस्रबुद्धे होती. मी नीला सहस्रबुद्धे. आणखी काय सांगायचं?

काका माझं ऐकतात, या समजुतीने बिवलकरांनी मला सोबत आणलं होतं. इमारतीत आता काकांचं एकच बिऱ्हाड उरलं होतं, आणि ते हलल्याशिवाय पाडकाम सुरू होणार नव्हतं. सात मांजरं म्हटलं की कुठलाच घरमालक काकांना दारात उभं करत नव्हता.

“मीटिंगमध्ये ठराव झालाय काका,” बिवलकर म्हणाले. “एका घरात दोन मांजरं पुष्कळ झाली. त्याच्यावर म्हणजे अति होतं. शिवाय तुमचं वय बघा.”

“दोन कुणी ठरवलं?”

“सर्वानुमते.”

काय एकेक विद्वान. हात वर करणाऱ्यांत सहा जण असे होते, की ज्यांची मांजरं त्या वेळी काकांच्या पलंगाखाली झोपली होती. लाज नावाची चीज कुणापाशी नव्हती. माझाही हात वर होता.

“चालेल,” काका म्हणाले. “दोन ठेवतो. बाकीची ज्याची त्याने न्यावीत. तुम्ही आलाच आहात, तर बिवलकरला घेऊनच जा. पिशवी देतो.”

“आमच्या हिला अॅलर्जी आहे हो.”

“चार वर्षं नव्हती?”

“आत्ताच डिटेक्ट झाली.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “नीला, तुझं काय?”

मी घरमालकाचं नाव पुढे केलं. खरं म्हणजे घरमालकाला मी कधी विचारलंच नव्हतं. काका एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर होते. उशिरा येणाऱ्यांच्या सबबी ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. आमच्याही त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

“टिटवाळ्याकडे एक पत्र्याची खोली मिळते आहे,” ते म्हणाले. “नळ बाहेर, संडास लांब. मालक म्हणतो, मांजरं आणा नाहीतर म्हशी आणा.”

“बघा, सुटला की प्रश्न,” बिवलकर उठत म्हणाले. बहात्तर वर्षांच्या माणसाने संडासासाठी किती लांब चालायचं, हे त्यांनी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

काका हलले त्या दिवशी वॉचमन धोंडीबाने मांजरं पकडून दिली. सहाही झाकणाच्या टोपल्यांत गेली. बाबी टेम्पोच्या आवाजाला बिचकली आणि इमारतीमागे कुठेतरी शिरली. दोन तास काका हाका मारत होते. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, बिल्डरचा माणूस किल्लीसाठी हात पुढे करून उभा.

“एकच तर राहिलीय काका,” बिवलकर म्हणाले. “आणि सहा काय कमी आहेत?”

काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. किल्ली दिली आणि धोंडीबाला म्हणाले, “रात्री दिसली तर कोंडून ठेव रे. सकाळी येतो.”

सकाळी ते आले तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि चारी बाजूंनी पत्रे ठोकायचं काम चाललं होतं. धोंडीबाची ड्यूटी दुसरीकडे लागली होती. आत जायची परवानगी नाही म्हणाले.

तेव्हापासून काका रोज टिटवाळ्याहून येतात. पत्र्याबाहेर उभे राहून ‘बाबी, बाबी’ करतात. आमच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला. ‘एका मांजरापायी म्हातारा कामातून गेला,’ आणि खाली रांगेने हसरे चेहरे. त्यातला पहिला बिवलकरांचा.

परवा भाजी घेऊन येताना मी काकांच्या समोरच सापडले. आत मशीन धडधडत होतं, धूळ उडत होती. आता हा माणूस मला काहीतरी सुनावणार, म्हणून मी मान खाली घातली.

“तुझी बरी आहे हो,” काका म्हणाले. “पहिले दोन दिवस काही खाल्लं नाही. आता उन्हात पडून असते.”

मी विचारलं नव्हतं. ते पुन्हा पत्र्याच्या फटीकडे वळले.

हल्ली मी भाजीला मागच्या गल्लीने जाते.