हाजेरच्या बारा वाट्या

द्राक्षांची काढणी आटोपली की शाबान कल्हईवाला गावात यायचा. चौकातल्या पाणवठ्याजवळ भट्टी मांडायचा आणि मुख्तारच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, पाहुण्यांच्या खोलीत पथारी टाकायचा. वीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलं नाही असं एकही भांडं गावात नव्हतं. माणसं फिरतात, भांडी फिरत नाहीत, असं तो म्हणायचा.

या वर्षी पहिल्याच सकाळी एकीने तांब्याची वाटी आणून ठेवली. शाबानने ती उलटी केली. तळाशी 'हाजेर' असं कोरलेलं होतं. अक्षरं त्याच्या बापाच्या हातची. हाजेरच्या लग्नातल्या बारा वाट्यांपैकी ही एक. थोड्या वेळाने दुसरी बाई आली, तिच्याकडेही हाजेरचीच वाटी. दुपारपर्यंत अकरा बायका आणि अकरा वाट्या झाल्या. प्रत्येक बाई शालीखालून वाटी काढायची, ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची.

त्यांच्यात फटकळ एकटी नेझिहा. तिच्याकडून शाबानने सगळं काढून घेतलं.

झालं होतं असं. हाजेर विधवा. तिच्या लेकीची, गुलिझारची, मुख्तारच्या पुतण्याशी साखरपुड्याची अंगठी झाली होती. उन्हाळ्यात पोरीने अंगठी परत पाठवली. तिला सिवास शहरात जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. मुख्तार तेवफिकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हाजेरने यावं, माफी मागत आपल्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळी लावावा आणि अंगठी पुन्हा मागून न्यावी. तोवर त्या घरात कोणी चिमूटभर मीठही द्यायचं नाही, असं त्याने फर्मावलं. थोडक्यात, वाळीत टाकलं. हाजेर गेली नाही. उलट मोहरममध्ये गहू, चणे, जर्दाळू, अक्रोड घालून दरसालची आशुरेची खीर हंडाभर शिजवली आणि बाराच्या बारा वाट्या भरून बारा घरी पाठवल्या. त्यातली एक मुख्तारच्या घरी.

आता पंचाईत बघा. शेजारणीचं भांडं भरून आलं तर ते रिकामं परत जात नाही. मूठभर अक्रोड तरी, नाहीतर एखादा कांदा तरी. रिकामं पाठवलं तर पाठवणारीच्याच घराचं नाक जातं, आणि भरून पाठवावं तर मुख्तार. मोहरमचं अन्न नाकारायची कुणाची छाती होत नाही, म्हणून बायकांनी खीर खाल्ली आणि वाट्या फळीवर ठेवून दिल्या. महिना झाला तरी त्या तिथेच होत्या.

"आम्ही म्हटलं, कल्हई करून पाठवू," नेझिहा म्हणाली. "म्हणजे रिकामीही नाही आणि भरलेलीही नाही. तुम्ही परगावचे. तेवढ्या नेऊन द्या, भाऊ."

शाबानला हसू आलं. पण त्याने भाता मारला, नवसागराच्या धुरात कथील फिरवलं, कापसाने पुसून काढलं आणि तोंड दिसेल अशा अकरा वाट्या पोत्यात घालून हाजेरच्या दारी नेल्या.

हाजेरने एकेक वाटी उजेडात धरून पाहिली. काम चांगलं झालंय म्हणाली. मग सगळ्या परत पोत्यात घातल्या.

"या रिकाम्या आहेत, शाबानभाऊ. रिकामं भांडं मी घेत नाही."

"अहो, घ्या की. सगळ्यांचीच सुटका होईल."

"मला सुटका नकोय. मी काय चोरी केलीय, की माझ्या वाट्या पोत्यातून याव्यात? ज्यांनी खाल्लं त्यांनी दिवसाउजेडी, भरून, आपल्या हाताने आणाव्यात. नाहीतर जेवेन मी जन्मभर पातेल्यातून."

गुलिझार आतून काही बोलायला लागली, तर आईने तिला मुकाट्याने बॅग भरायला सांगितलं.

शाबान चौकात परतला. फुकटची खेप घडली म्हणून त्याला बाईचा राग यायला हवा होता, पण आला तो मुख्तारचा. त्याने अकराही वाट्या पाणवठ्याच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या. चहाच्या दुकानातली माणसं माना वळवून बघायला लागली. मुख्तार आला. हे काय मांडलंस, भट्टी विझव, आणि आज पथारी दुसरीकडे बघ, असं त्याने सुनावलं.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे शाबानला कळत होतं. तरी तो म्हणाला, "विझवतो. पण वाट्या बारा हव्यात, मुख्तार. बारावी तुमच्या घरी राहिलीय."

उत्तर मुख्तारच्या घरातून आलं. त्याची आई उम्मुहान, ऐंशीची, कमरेतून वाकलेली, दोन्ही हातांत वाटी धरून उंबरा उतरली. वाटीत द्राक्षांची काकवी काठोकाठ भरलेली.

"आई, घरात जा," मुख्तार म्हणाला.

"खीर मी खाल्ली, तेवफिक. तूही खाल्लीस, दोन डाव. एवढीशी पोर, तिने अंगठी परत केली. तुला साधी वाटी परत करता येईना?"

म्हातारी चौक ओलांडायला लागली. काकवी तिच्या बोटांवरून गळत होती, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. ती हाजेरच्या दाराशी पोचायच्या आत नेझिहा कट्ट्यापाशी आली, आपली वाटी उचलून घरी गेली आणि अक्रोड भरून बाहेर पडली. मग बाकीच्या निघाल्या. दिवस मावळायच्या आत कट्ट्यावर एकही वाटी उरली नाही.

ती रात्र शाबानने पाणवठ्यापाशीच काढली. सकाळी तो भाता आवरत असताना गुलिझार आली. खांद्याला बॅग, हातात म्हातारीने आणलेली तीच वाटी, आणि वाटीत वाफाळता गव्हाच्या दलियाचा पुलाव. ती सरळ मुख्तारच्या दाराशी गेली. दार त्यानेच उघडलं.

"आईने पाठवलंय," ती म्हणाली. वाटी त्याच्या हातात दिली आणि सिवासच्या बसकडे चालायला लागली.

वाटी चांगलीच तापलेली होती. मुख्तार ती धरून उंबऱ्यात उभा राहिला. आता ती भरून परत करायची होती, आणि या खेपेला वाटी त्याच्याच हातात होती.