उन्हात उभा केलेला मानूस

मानूस पारखायची माजी एक रीत हाय. कामाला आलेल्याला उन्हात उभा करायचा अन् आपुन दुसरीकडं निघून जायचं. घटकाभरानं यायचं. तसाच उभा आसंल तो कामाचा, सावलीला बसला आसंल त्यानं घरचा रस्ता धरायचा. मी हौशीराम मुकादम. तीस वरसं खंडाळ्याच्या घाटात रुळांवरची टोळी चालवतोय, ती ह्याच रीतीवर.

मानमोडीच्या तापाच्या साथीआदी औंढ्याचे दोघं आले, नथू अन् महिपती. दरडीवर पहारा ठेवायची कायमची जागा एकच हुती. नथू सरळ सावलीला जाऊन बसला. वर मलाच इचारतो, "भाऊ, उन्हात उभं ऱ्हाऊन काय मिळनार हुतं?" असला आगाव गडी मला कशाला पायजे? हाकलला त्येला. तळेगावच्या काचकारखान्यात जाऊन मिस्त्री झाला म्हनं. झाला तर झाला.

महिपती घामानं निथळत तितंच उभा हुता. जागा त्येला दिली. सात वरसं मला उलटा शब्द बोलला न्हाई.

श्रावणात एकदा लय धुकं हुतं. मी त्येला कड्याखाली उभा केला. म्हनलं, "दगूड सुटला तर शिटी मार. मी हाक मारल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

"व्हय भाऊ."

काम आटपलं, टोळी झोपडीत येऊन भाकरीला बसली. हाक मारायची मी इसरलो. इसरलोच, दुसरं काय सांगू? मग शिटी ऐकू आली. थांबली, परत आली. पळायला त्येला येळ हुता. पळाला न्हाई. दरड त्येच्या अंगावर आली.

सायबाला मी सांगितलं, "हाक मारली हुती. झोप लागली आसंल त्येला." टोळीतला एकबी गडी इरुद बोलला न्हाई. सगळे माजेच पारखलेले.

तवापासनं धुकं उतरलं की ती शिटी येती. बायको म्हनती, गाडीची आसंल. गाडीची शिटी मला कळत न्हाई व्हय? मी कानावर घोंगडी घेऊन बसतो. भ्या वाटतं मला, लाज कसली त्येची.

गेल्या चैत्रात महिपतीची बायको झुंबरबाई आली. संगं ईस वरसांचा ल्योक. त्येला बापाची जागा पायजे हुती.

"बापावानी झोपाळू न्हाई, भाऊ. सांगितल्याबिगर जागचा हलत न्हाई. ल्हानपनापासनं उन्हात उभा करून शिकीवलंय."

कवाच कुनाला न बोललेलं बोलून गेलो, "बाई, त्या दिशी मी हाक मारलीच न्हवती."

"ठाव हाय," ती म्हनली. "टोळीतल्या बायांनी तिसऱ्याच दिशी सांगितलं. पन तवा तोंड उघडलं असतं, तर आज तुमी ह्येला दारात तरी उभा केला असता का?"